मेंदू आणि यंत्र यांचा संवाद

हात उचलावा असे मनात येते आणि हात उचलला जातो. या दोहोंमध्ये काय घडते याचा विचार आपण सहसा करीत नाही. मेंदूच्या वरच्या थरात हालचालींचे एक केंद्र आहे. तेथील मज्जापेशींतून सूक्ष्म विद्युत्स्पंद निघतात आणि मज्जारज्जूवाटे स्नायूंपर्यंत पोहोचतात. अपघातात मज्जारज्जूला मानेपाशी जबर इजा झाली तर हातपाय लुळे पडतात. मेंदूतील केंद्र मात्र बहुधा शाबूत राहते. धरणात पाणी आहे, पण पाटच फुटला, अशी ही अवस्था होय. त्या पाण्याला दुसरी वाट काढून देता येईल काय? मेंदू व यंत्र यांना जोडणारे शास्त्र याच प्रश्नाचे उत्तर शोधीत आहे. त्याचा थोडक्यात परिचय करून देण्याचा हा प्रयत्न.

मानवी मेंदूतील विद्युत्लहरींची पहिली नोंद जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२४ साली घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. परंतु लहरी मोजणे निराळे आणि त्यांच्याकडून काम करवून घेणे निराळे. या बाबतीत अमेरिकेतील एबरहार्ड फेट्झ यांचा १९६९ चा प्रयोग महत्त्वाचा आहे. त्यांनी माकडाच्या मेंदूतील एका मज्जापेशीजवळ बारीक तार बसविली व तिचे स्पंद एका काट्याला जोडले. स्पंद वाढले की काटा सरके आणि माकडाला खाऊ मिळे. काही दिवसांतच माकडे त्या पेशीचे स्पंद ५० ते ५०० टक्क्यांनी वाढवू लागली! मानसशास्त्राच्या वर्गात आपण स्किनरचे साधक अभिसंधान शिकतो. तेच तत्त्व येथे एका पेशीला लागू झाले. पुढे १९७३ मध्ये जाक विदाल यांनी मेंदू आणि संगणक यांच्या थेट संवादाची कल्पना शास्त्रीय लेखातून मांडली.

तथापि एका पेशीवर भिस्त ठेवता येत नाही. १९८० च्या दशकात अपोस्टोलोस जॉर्जोपौलोस यांनी दाखवून दिले की, हालचालींच्या केंद्रातील प्रत्येक पेशीला एक दिशा अधिक ‘आवडते’. हात त्या दिशेने जाताना ती सर्वांत जास्त स्पंद देते. एकेका पेशीचे मत अस्पष्ट असले, तरी ग्रामसभेत सर्वांचे हात मोजावेत तशी अनेक पेशींची मते एकत्र केली, की दिशा बऱ्याच अचूकपणे कळते. हा हिशेब आज संगणक क्षणार्धात करतो.

याचा माणसांना झालेला लाभ थक्क करणारा आहे. २००४ मध्ये अमेरिकेत, मानेखाली लुळ्या पडलेल्या एका तरुणाच्या मेंदूत सुमारे १०० विद्युदग्रे असलेली, नखाहूनही लहान चकती बसविण्यात आली. केवळ हात हलविण्याचा मनोमन प्रयत्न करून तो संगणकाच्या पडद्यावरील बाण हलवू लागला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पक्षाघाताने सुमारे १५ वर्षे निश्चल असलेल्या एका स्त्रीने यंत्राच्या हाताने बाटली उचलून स्वतः कॉफी प्यायली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, हात लुळे पडलेल्या एका गृहस्थांनी मनातल्या मनात अक्षरे गिरवून मिनिटाला ९० अक्षरांच्या गतीने मजकूर लिहिला.

मात्र येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हे यंत्र मनातले गुपित वाचीत नाही. ज्या हालचालीचा किंवा उच्चाराचा सराव करून घेतला, तिचाच अर्थ ते लावते. शिवाय विद्युदग्रांभोवती व्रणाची ऊती वाढते, संकेत क्षीण होतात, जंतुसंसर्गाचे भय असते.

याहून बिकट प्रश्न यंत्राबाहेरचा आहे. डोळ्याच्या पडद्यावर ६० विद्युदग्रे बसवून अंधांना अंधुक दृष्टी देणारे एक उपकरण जगभर साडेतीनशेहून अधिक लोकांनी बसवून घेतले होते. अमेरिकेतील ज्या कंपनीने ते बनविले तिने २०१९ मध्ये त्याचे उत्पादन थांबविले, आणि पुढे दुरुस्तीला व सुट्या भागांना कोणी वालीच उरला नाही. उपकरण मात्र लोकांच्या डोळ्यांतच राहिले. उद्या मेंदूतील यंत्राबाबत असेच घडले तर? त्यातून निघणाऱ्या नोंदींवर मालकी कोणाची, रुग्णाची की कंपनीची? चिली देशाने २०२१ मध्ये राज्यघटना दुरुस्त करून मेंदूच्या क्रियांना व त्यांतून मिळणाऱ्या माहितीला संरक्षण दिले, ते याच चिंतेपोटी.

म्हणून हा विषय विज्ञान शाखेवर सोपवून आपण कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी स्वस्थ बसणे योग्य नव्हे. विद्युदग्र कोठे बसवावे हे शल्यविशारद ठरवील. पण ते बसविल्यानंतर त्या माणसाची जबाबदारी कोणी व किती वर्षे घ्यावी, हे कायदा, नीतिशास्त्र आणि अर्थशास्त्र यांनाच ठरवावे लागेल. लुळ्या पडलेल्या माणसाला स्वतःच्या हाताने घोटभर पाणी पिता यावे, एवढी साधी इच्छा या शास्त्राच्या मुळाशी आहे. ती पुरी होताना तो माणूस कोणाचा ओलीस होऊ नये, हे पाहण्याचे काम आपले आहे.