भाच्याला पत्र

चि. बंड्यास,


तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोनवर निम्मं राहून जातं, म्हणून लिहितो.

आधी दौऱ्याचं. जून-जुलैत अमेरिकेला जाऊ नकोस. सूनबाईंचे दिवस जुलैत भरताहेत. तिकडचे कार्यक्रम बहुतेक शनिवार-रविवारी, मधले दिवस कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये पुढच्या गावाची वाट बघत काढायचे. तिथून इकडच्या हॉस्पिटलला फोन लावत बसण्यात काय कमावणार? गायिकेला दुसरा तबलजी आठवड्यात मिळेल. ऐकायला कडू आहे, पण आपल्या धंद्यातली सोयही तीच आहे. ‘नाही म्हटलं तर पुन्हा बोलावणार नाहीत’ अशी तुला भीती वाटते. वेळेवर, स्पष्ट नाही म्हणणाऱ्याला पुन्हा बोलावतात. आयत्या वेळी पाठ फिरवणाऱ्याला मात्र कुणी विचारत नाही.

आता बँकेतल्या नोकरीचं. वसंतराव देशपांडे कित्येक वर्षं मिलिटरी अकाउंट्सच्या कचेरीत नोकरी करत गात होते. ‘कट्यार काळजात घुसली’ हे त्यांचं नाटक रंगमंचावर आलं १९६७ साली, तेव्हा ते पंचेचाळिशी ओलांडून पुढे गेले होते. आणि ते तबलाही वाजवत, हे तुला वेगळं सांगायला नको. नोकरीने कलावंत मरतो, असं मित्र म्हणतात ना? त्यातल्या किती जणांच्या घरचा हप्ता त्यांच्या वाजवण्यावर चालतो, ते एकदा विचार. आपल्या वर्षात गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट आणि पुढचे थंडीतले महोत्सव एवढेच भरलेले महिने. पावसाळा शिकवण्यांवर काढावा लागतो. एक अख्खा पावसाळा पगाराला हात न लावता, मानधन आणि शिकवण्यांवर घर चालवून बघ. जमलं तर राजीनामा दे, मी आड येणार नाही. हिशेबाची वही मात्र सूनबाईंच्या हातात दे, तुझ्या नको.

यापुढचं तू विचारलेलं नाहीस, तरी लिहितो. गेल्या महिन्यातलं तुझं रेकॉर्डिंग ऐकलं. हात तयार आहे, ‘धिरधिर’ स्वच्छ. पण विलंबित एकतालात बाई बढत करत होत्या आणि तू दर दोन मात्रांमध्ये काहीतरी भरत होतास. बारा मात्रांचं आवर्तन मिनिटाजवळ जातं तेव्हा मधली जागा रिकामी वाटते, हे खरं. पण ती जागा गाणाऱ्याची असते. तुझं काम एवढंच, की डोळे मिटलेल्या बाईला सम कुठे आहे ते शोधावं लागू नये. डग्ग्याची आस लांबव, ‘धिं’ला वजन दे आणि गप्प राहा. थिरकवाँसाहेबांसारखा स्वतंत्र वादनाचा बादशहा गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना साथ करायचा. त्या जुन्या तबकड्या ऐक. एवढं येणारा माणूस किती थोडं वाजवतो, ते ऐकण्यासारखं आहे. पुढे बाईंनी सरगम घेऊन तुझ्याकडे बघितलं, की मग बाहेर काढ तुझं ‘धिरधिर’. तोपर्यंत ते तुझ्यापाशीच राहू दे.

आणि एकाच तबल्यावर निभावू नकोस. काळी एकचा आहे तो पुरुषांपुरता ठीक. तू जास्त करून बायकांची साथ करतोस, तेव्हा काळी चारचा मोठ्या तोंडाचा तबला घे. चढा तबला ओढूनताणून उतरवला की नाद बसतो. पुडी बदलायची ती पावसाळा संपल्यावर. आणि एसी हॉलमध्ये अर्धा तास आधी जाऊन वाद्य उघडं ठेव. दमट गाडीतून काढलेलं चामडं गार, कोरड्या हवेत चढतं, मग पहिल्या ख्यालातच हातोडी घेऊन बसावं लागतं.

आता वेळेचं. पूर्वी सवाई गंधर्व महोत्सवाची मैफल रात्रभर चाले. २००० साली आवाजाचे नियम आले आणि उघड्यावरचे लाउडस्पीकर रात्री दहाला बंद होऊ लागले. दरबारी, अडाणा ऐकायची वेळ गेली म्हणून रसिक हळहळतात, मीही त्यांतलाच. पण आमच्या पिढीचे तबलजी पहाटे घरी यायचे नि दुपारपर्यंत झोपायचे. मुलं बापाला ओळखायची ती पांघरुणावरून! तुला अकरा-साडेअकराला घरी पोचता येतं. त्याचा फायदा घे. नव्या वर्षाची डायरी घेशील तेव्हा आधी घरच्या तारखा लिही: बारसं, आईच्या तपासण्या, सूनबाईंच्या माहेरचं लग्न. मग आयोजकांचे फोन घे. बाळ आलं की सकाळचा रियाज दोन तासांचा राहणार नाही, तो हट्ट आत्ताच सोडून दे. पाऊण तास बसशील तेव्हा नुसता ठेका लावून लहऱ्याबरोबर बस, कायदे विसरणार नाहीस.

आज रात्रीच गायिकेला फोन कर, मेसेज नको. नकार देताना तुझ्या वर्गातल्या त्या सातारच्या मुलाचं नाव सुचव. त्याचा ठेका मी ऐकलाय, चांगला आहे, आणि त्याचं अजून लग्नही व्हायचंय.

तुझा,
मामा