मुलांच्या हाताला पीठ लागू द्या
(आगमनकाळानिमित्त कौटुंबिक धर्मशिक्षण)



निर्गमाच्या पुस्तकाच्या 12 व्या अध्यायात एक लहानशी गोष्ट आहे. तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. इस्राएली लोक मिसरातून बाहेर पडण्याच्या तयारीत आहेत. प्रत्येक घरी कोकरू भाजायचे आहे, बेखमीर भाकर करायची आहे. हा सण पुढे पिढ्यानपिढ्या पाळायचा, अशी आज्ञा होते. मग 26 व्या वचनात मोशे म्हणतो की, या विधीचा अर्थ काय असे तुमची मुले तुम्हांला विचारतील, तेव्हा तुम्ही त्यांना सांगा.

या वचनाचा क्रम नीट पाहू या. आधी उपदेश आणि मग सण, असे इथे नाही. आधी घरात काहीतरी घडते. चूल पेटते, भाकर भाजली जाते, सगळे एकत्र बसतात. मूल ते पाहते आणि विचारते, आणि त्या प्रश्नातून श्रद्धेची गोष्ट सुरू होते. आजही यहुदी घरांत वल्हांडणाच्या जेवणाला सर्वांत लहान मूल प्रश्न विचारते आणि वडीलधारे उत्तर देतात. आपल्या प्रभूनेही बालपणी मारिया आणि योसेफ यांच्यासोबत हा सण पाळला होता.

आता स्वतःला विचारू या. आपल्या घरी नाताळ येतो तेव्हा मुलाने विचारावे असे काही घडते का?

आमची एक चूक

हा प्रश्न आम्हांला कसा सुचला ते आधी सांगतो, कारण चूक आमचीच होती.

आपल्या धर्मग्रामात आजारी आणि वृद्ध बांधवांना नाताळचा फराळ देण्याची जुनी पद्धत आहे. पूर्वी महिला मंडळाच्या भगिनी सभागृहात जमून कुलकुल आणि करंज्या करीत. 2023 साली आम्ही ठरवले की, एवढा खटाटोप कशाला? तयार फराळाचे डबे मागवले. हिशेब सोपा झाला, सभागृह स्वच्छ राहिले, कुणाची तक्रार आली नाही. आम्हांला वाटले, छान झाले.

नाताळच्या आधी आम्ही ख्रिस्तशरीर घेऊन एका आजींकडे गेलो. त्या कित्येक महिने अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्यांनी डबा उघडला, एक कुलकुल हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारले, "फादर, हा कुणी वळला?" आम्ही म्हणालो, "आजी, यंदा बाहेरून आणलेत." त्यांनी तो खाल्ला, चांगला आहे म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "आधी बघितल्यावर समजायचे. कुणी फणीवर वळायची, कुणी काट्यावर. कुणाचा मोठा, कुणाचा बारीक. इथे पडल्या पडल्या मी एकेकीची आठवण काढून एकेक खायचे."

त्या आजी पुढच्या प्रायश्चित्तकाळात देवाघरी गेल्या. अंत्यविधीच्या वेळी आमच्या मनात सारखे येत होते की, त्यांच्या शेवटच्या नाताळला आम्ही त्यांना फराळ दिला, पण माणसे दिली नाहीत.

2024 च्या डिसेंबरात आम्ही फराळ पुन्हा सभागृहात सुरू केला आणि या वेळी धर्मशिक्षणाच्या मुलांनाही बोलावले. कुलकुल वेडेवाकडे झाले, काही तेलात उलगडले. पण काम करता करता दुसरीतल्या एका मुलाने विचारले, "फादर, हे कोणासाठी? त्यांना चर्चला का येता येत नाही?" आजारी बांधवांविषयी आम्ही वेदीवरून अनेकदा बोललो आहोत. पण हा प्रश्न त्या मुलाने पहिल्यांदा पिठाच्या परातीपाशी विचारला.

ख्रिस्तसभा काय शिकवते

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात (क्र. 11) कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा म्हटले आणि आईवडील हे मुलांचे श्रद्धेतील पहिले शिक्षक आहेत असे सांगितले. धर्मशिक्षणाचा रविवारचा वर्ग एका तासाचा असतो. आठवड्याचे बाकीचे तास मूल घरी आणि शाळेत असते. म्हणजे आम्ही धर्मगुरू आणि धर्मशिक्षक तुमचे मदतनीस आहोत. मुख्य शिक्षक तुम्हीच आहात.

त्याच वर्षी 5 जानेवारीला पोप सहावे पौल नाझरेथला गेले होते. नाझरेथ ही एक शाळा आहे असे ते तेथे म्हणाले आणि या शाळेतले तीन धडे त्यांनी सांगितले : शांतता, कौटुंबिक जीवन आणि काम. आपल्या प्रभूने आयुष्याची सुमारे तीस वर्षे या शाळेत काढली. लोक त्याला सुतार म्हणून ओळखत होते (मार्क 6:3). रंधा कसा धरायचा हे त्याला योसेफाच्या शेजारी उभे राहूनच कळले असणार.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक विचार आमच्या मनात बसला. घरे बांधून माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवून वादक होतो, त्याचप्रमाणे न्यायाची कृत्ये करून तो न्यायी होतो. सद्गुण नुसत्या ऐकण्याने येत नाहीत, करण्याने येतात. ही साधी गोष्ट स्वयंपाकघराला अगदी लागू पडते. 'धीर धर' असे मुलाला शंभरदा सांगून जे होत नाही, ते पीठ तासभर झाकून ठेवल्यावर होते. मूल दहादा विचारते, "झाले का?" आणि दहादा वाट पाहते. आगमनकाळ म्हणजे तरी वाट पाहणेच आहे.

आगमन चक्राची गोष्टही अशीच आहे. 1839 साली हॅम्बुर्ग येथे योहान विखर्न या लुथरन पाळकाने गरीब मुलांसाठी चालवलेल्या घरात गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. रविवारसाठी मोठ्या आणि इतर दिवसांसाठी लहान. नाताळ कधी येणार, असे मुले रोज विचारीत म्हणून त्यांनी ही युक्ती केली, असे सांगतात. मुलांच्या प्रश्नातून निघालेली ही प्रथा आज आपल्या वेदीजवळही आहे.

चार रविवार, चार कामे

पहिला रविवार : जागृत राहा. या दिवशी करवंटीत किंवा पसरट ताटलीत माती घालून मुलांच्या हातून नाचणी किंवा गहू पेरावेत. रोज थोडे पाणी शिंपडण्याचे काम त्यांच्याकडेच द्यावे. मूल विसरले तर ओरडू नका, आठवण करा. रोप उंच हवे असेल तर त्याच वेळी, नुसती कोवळी हिरवळ हवी असेल तर नाताळच्या दहाबारा दिवस आधी पुन्हा पेरावे. हे हिरवे ताट गोठ्यात ठेवता येते. बेथलेहेमचा प्रसंग माणसांना डोळ्यांनी पाहता यावा म्हणून संत फ्रान्सिस यांनी 1223 साली ग्रेच्चो गावी गोठा उभारला होता, हेही मुलांना सांगावे.

दुसरा रविवार : प्रभूचा मार्ग तयार करा. घरातले एक कपाट किंवा पेटी मुलांसह आवरावी. वापरण्याजोगे कपडे आणि खेळणी बाजूला काढावीत. फाटके देऊ नये. आपण स्वतः वापरू असेच द्यावे. काय द्यायचे हे मुलाने ठरवावे.

तिसरा रविवार : आनंद करा. ही गुलाबी मेणबत्तीची वेळ. या आठवड्यात कुलकुल करावेत. कृती पुढे दिली आहे.

चौथा रविवार : मारियेसोबत तयारी. या रविवारच्या शुभवर्तमानांत मारिया किंवा योसेफ आपल्याला भेटतात. मारिया अलीशिबेकडे गेली तशी मुलांनी फराळाची ताटली घेऊन निदान दोन घरी जावे. एक घर आजारी किंवा एकट्या माणसाचे असावे, दुसरे शेजारच्या हिंदू किंवा मुसलमान कुटुंबाचे. दिवाळीत त्यांची करंजी आपल्याकडे येते, नाताळात आपली त्यांच्याकडे जाऊ दे. ताटली मुलाने स्वतः द्यावी, आपण मागे उभे राहावे.

मुलांसाठी सोपे कुलकुल

साहित्य : मैदा अर्धा किलो, बारीक रवा 100 ग्रॅम, पिठीसाखर 100 ग्रॅम, मोहनासाठी साजूक तूप 3 मोठे चमचे, चिमूटभर मीठ, नारळाचे दूध एक ते दीड वाटी, तळण्यासाठी तेल. पाकासाठी साखर 1 वाटी, पाणी अर्धी वाटी.

कृती : मैदा, रवा, साखर आणि मीठ परातीत एकत्र करावे. तूप गरम करून घालावे, ते मोठ्यांनी घालावे. जरा निवल्यावर मुलांनी दोन्ही हातांनी चोळावे. नारळाचे दूध थोडे थोडे घालून घट्ट पीठ मळावे आणि ओल्या फडक्याखाली तासभर ठेवावे. मग बोराएवढ्या गोळ्या कराव्यात. काट्याच्या पाठीला किंवा नव्या, धुतलेल्या फणीला तेलाचे बोट लावावे, गोळी त्यावर अंगठ्याने दाबून पसरावी आणि टोकाकडून गुंडाळत आणावी. शेवटचे टोक नीट दाबावे, नाहीतर तेलात कुलकुल उलगडतो.

तळणे मोठ्यांचेच काम आहे. त्या वेळी मुलांना कढईजवळ येऊ देऊ नये. आच मध्यम असावी. पिठात साखर असल्यामुळे मोठ्या आचेवर बाहेरून लगेच काळे होतात आणि आतून कच्चे राहतात. सोनेरी झाले की काढावेत. दोनतारी पाक करून त्यात कुलकुल घालावेत आणि साखर सुकेपर्यंत हलवीत राहावे. घरात मधुमेही असतील तर त्यांच्यापुरते पाकाशिवाय ठेवावेत, तेही मोजकेच. पूर्ण गार झाल्यावर कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत.

वेडेवाकडे कुलकुल पुन्हा वळू नका. मुलाने केलेला कुलकुल मुलाचाच राहू दे.

एका आईचे म्हणणे

हे आम्ही एका कुटुंबात बोललो तेव्हा घरातली आई थोडी रागावून म्हणाली, "फादर, सकाळची लोकल पकडते ती रात्री आठला घरी येते. त्यात तुम्ही पीठ मळायला सांगता. मुले आली की पसारा दुप्पट, आणि तो आवरायचा कुणी?"

तिचे म्हणणे खरे होते. त्यावर आमचे उत्तर असे की, सणाचे सगळे ओझे आईने वाहावे असे शुभवर्तमान कुठेही सांगत नाही. प्रभूने पुनरुत्थानानंतर किनाऱ्यावर स्वतः निखारे पेटवून शिष्यांसाठी मासे आणि भाकर तयार ठेवली होती (योहान 21:9). तेव्हा वडिलांनी मळावे, मुलग्यांनीही वळावे, परात आणि कढई पुरुषांनी घासावी. फक्त मुलींना स्वयंपाकघरात बोलावले तर आपण मुलग्यांना वेगळाच धडा शिकवू.

आणि सगळेच घरी झाले पाहिजे असेही नाही. केक बाहेरून आणा, करंज्या आणा. एक पदार्थ, एक संध्याकाळ, एवढे पुरे. अर्धा किलो पीठ जड वाटत असेल तर पाव किलोचे करा. जी घरे यंदा शोकात आहेत, जिथे कुणी परदेशी आहे, जिथे नवराबायकोचे बोलणे तुटले आहे, तिथे हे काम जड जाईल हे आम्ही जाणतो. त्यांनी शेजाऱ्यांच्या परातीजवळ येऊन बसावे, आणि शेजाऱ्यांनी त्यांना बोलवायला जावे.

कुटुंबात चर्चेसाठी

1. आपल्या आजीआजोबांच्या घरी नाताळची तयारी कशी होत असे? त्यातले एक काम यंदा मुलांना शिकवता येईल का?
2. मागच्या नाताळात मुलाने आपल्याला काय विचारले होते? आपण उत्तर दिले की घाईत होतो?
3. आपल्या फराळाची वाट पाहणारे एकटे माणूस आपल्या वाडीत कोण आहे?

तिसऱ्या रविवारनंतरच्या शनिवारी दुपारी चार वाजता सभागृहात आजारी बांधवांसाठी कुलकुल करायचे आहेत. मुलांसोबत वडिलांनीही यावे. येताना काटा किंवा नवी फणी आणावी. यंदा प्रत्येक डब्यात वळणाऱ्यांच्या नावाची चिठ्ठी ठेवणार आहोत. मग कुणी अंथरुणावरून विचारले की हा कुणी वळला, तर त्याचे उत्तर डब्यातच असेल.

पीठ झाकून ठेवल्यावर जो तास मिळतो त्यात म्हणण्यासाठी ही छोटी प्रार्थना :

हे प्रभू येशू, तू नाझरेथच्या घरात काम करायला शिकलास. आमच्या हातांना काम दे, आमच्या मनाला धीर दे. हा गोड घास ज्याच्या घरी जाईल त्याच्या घरी तूही जा. आमेन.