इंग्रजी अर्जातील नाव आणि विरामचिन्हे
मराठीत 'मुलाचे घर' आणि 'मुलांचे घर' यांतील भेद अनुस्वाराने कळतो. इंग्रजीत हे काम अपॉस्ट्रॉफी हे शिरोभागी दिले जाणारे चिन्ह करते. 'माय सन्स हाउस' लिहिताना ते 'एस्'च्या आधी दिल्यास घर एका मुलाचे, नंतर दिल्यास अनेक मुलांचे ठरते. उच्चार मात्र एकच!

नावाभोवतीच्या स्वल्पविरामाचेही असेच आहे. 'माय सन गणेश' असे सलग लिहिल्यास गणेशला भाऊ असू शकतात. 'सन' आणि 'गणेश' या दोहोंनंतर स्वल्पविराम दिल्यास मुलगा एकच, असा अर्थ होतो. तिघे मुलगे असताना असे लिहिल्यास वारसांच्या अर्जातून दोघे जणू वगळलेच जातात.

'माझा मुलगा गणेश याचे घर' यात मालकीचा प्रत्यय शेवटी, एकदाच येतो. इंग्रजीतही ते चिन्ह 'सन'ला न देता केवळ 'गणेश'नंतर द्यावे. अशा वेळी नावाभोवती स्वल्पविराम सहसा देत नाहीत. मग मुलगे किती, हे चिन्हांवरून कळत नाही. म्हणून अर्ज लिहून देणाऱ्याने मुलांची संख्या शब्दांतच नमूद करावी, हे उत्तम. हक्काचा प्रश्न केवळ एका टिंबावर सोपवू नये.