तेजोवलय नसलेला सुतार

प्रश्न : माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात मुरिल्योचे एक चित्र पाहिले. सुताराच्या घरातले आईबाप, हातात पक्षी धरलेले लहान मूल आणि एक कुत्रे. नाव मात्र ‘पवित्र कुटुंब’. ना डोक्यामागे तेजोवलय, ना देवदूत. मग याला भक्तिचित्र का म्हणायचे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : देवदूत शोधणे सोडून द्या आणि मूल कोणाला टेकून उभे आहे ते पाहा. बापाला!

ख्रिस्ती चित्रपरंपरेत बाळ येशू बहुधा आईच्या मांडीवर असतो आणि चित्राचा मध्य आईकडे जातो. बार्तोलोमे एस्तेबान मुरिल्योने सेव्हिल शहरात १६५०च्या सुमारास रंगवलेल्या या तैलचित्रात मरिया डावीकडे सरकली आहे. सूत गुंडाळता गुंडाळता तिचे हात थांबलेत आणि ती कौतुकाने पाहते आहे. खरा उजेड पडलाय तो मुलावर आणि त्याला सावरून बसलेल्या योसेफावर. काळे केस, काळी दाढी, अंगात बळ असलेला गडी. मागे त्याचे सुतारकामाचे बाकडे. चित्रातली भक्ती या तरुण बापात आहे, आणि सतराव्या शतकातल्या स्पॅनिश माणसाला ती तेजोवलयावाचून कळत होती.

कळत होती, कारण त्याआधीची कित्येक शतके चित्रांतला योसेफ म्हातारा असे. शुभवर्तमानांत त्याचे वय सांगितलेले नाही. त्याच्या तोंडी एक वाक्यसुद्धा नाही. बायबलबाहेरच्या जुन्या कथांनी मग त्याला मुलेबाळे असलेला वयस्क विधुर ठरवून टाकले. ते सोयीचेही होते. नवरा जख्ख म्हातारा असला की मरियेच्या कौमार्याबद्दल कोणाच्या मनात शंका यायला नको. मध्ययुगीन चित्रकारांनी त्याला गोठ्याच्या कोपऱ्यात डुलक्या घेत बसवले आणि धार्मिक नाटकांत तर तो हसण्याचा विषय झाला. ज्याने मूल वाढवले त्याची ही गत!

त्याची बाजू सर्वांत जोरात घेतली ती स्पेनमध्ये. आविलाच्या संत तेरेसाची योसेफावर अपार श्रद्धा होती. आपण मोठ्या आजारातून उठलो ते त्याच्याच कृपेने, असे ती मानत असे. १५६२मध्ये स्थापन केलेल्या आपल्या पहिल्या मठाला तिने योसेफाचेच नाव दिले. तिच्या वर्तुळातल्या धर्मपंडितांनी पुढे साधा व्यवहारी मुद्दा मांडला : बाळाच्या जिवावर उठलेल्या हेरोद राजाच्या तावडीतून बाळबाळंतिणीला वाचवत इजिप्तपर्यंत नेणे, परमुलखात हातावर पोट भरणे, हे म्हाताऱ्याला झेपले असते का? देवाने आपल्या मुलासाठी पालक निवडला तो धडधाकटच असणार.

चित्रकारांसाठी या विचाराचा नियम केला फ्रान्सिस्को पाचेकोने. हा सेव्हिलमधलाच चित्रकार, प्रसिद्ध चित्रकार वेलास्केझचा गुरू आणि सासरा, शिवाय धार्मिक चित्रांत काही चुकीचे जात नाही ना, हे पाहण्यासाठी धर्मन्यायालयाने नेमलेला माणूस. चित्रकलेवरचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६४९मध्ये छापला गेला. योसेफ तिशीच्या जरा पुढचा दाखवावा, असे त्याचे सांगणे. मुरिल्योचे चित्र त्याच सुमाराचे आणि त्याच शहरातले.

आता तेजोवलयाविषयी. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने १५६३मध्ये बजावले होते की चित्रांनी अडाण्यालाही श्रद्धा शिकवावी आणि त्याची दिशाभूल करू नये. सोन्याच्या पत्र्याचे वलय काढून त्या जागी ओळखीचे घर, खरा उजेड, कापडाच्या खऱ्या सुरकुत्या आणणे हा त्या आदेशाला बरोकच्या चित्रकारांनी दिलेला एक उत्तम प्रतिसाद होता. चित्रासमोर उभ्या राहिलेल्या सुताराला वाटावे, देव माझ्यासारख्याच घरात वाढला. पण डोळे दिपवणाऱ्या तेजापेक्षा हे अवघड. चित्रकार जरा घसरला की देवाचे चित्र नुसते घरगुती प्रसंगाचे होऊन बसते. मुरिल्यो त्या रेघेच्या अगदी काठावर उभा आहे, म्हणून तुम्हाला हा प्रश्न पडला.

सेव्हिलची त्या वेळची अवस्थाही लक्षात घ्या. १६४९च्या प्लेगने शहरातली जवळजवळ निम्मी माणसे नेली. मुरिल्यो स्वतः चौदा भावंडांत धाकटा. दहाव्या वर्षाच्या आसपास आई आणि बाप दोघेही गेले, बहीण आणि मेहुण्याने त्याला वाढवले. पोरक्या मुलाने प्रेमळ बाप रंगवला, असे लिहायचा मोह होतो. मी तो आवरतो, कारण तरुण योसेफ तेव्हा स्पेनमधले इतर चित्रकारही रंगवत होते. मात्र घरोघरी माणसे गेलेल्या शहरात आईबाप आणि मूल एका खोलीत सुखरूप असण्याला किती किंमत असेल, हे सांगायला चित्रकाराचे चरित्र लागत नाही.

राहिला पक्षी. ख्रिस्ती चित्रांत मुलाच्या हातात गोल्डफिंच असला की तो येशूच्या पुढच्या यातनांची खूण मानतात. या पक्ष्याच्या तोंडावरचा लाल रंग म्हणजे येशूच्या काटेरी मुकुटातला काटा उपसताना लागलेले रक्त, अशी दंतकथा आहे. राफाएलच्या एका प्रसिद्ध मरियाचित्रातही तो आहे. ही खूण मुरिल्योच्या बघ्यांना ठाऊक असणार. पण माझ्या मते इथे आधी खेळ आहे, मग खूण. मूल पक्षी उंच धरून कुत्र्याला चिडवते आहे आणि कुत्र्याने एक पंजा उचललाय. पक्ष्यावर पानेच्या पाने लिहिणाऱ्यांना तो पंजा दिसत नाही.

हे चित्र पुढे राणी इसाबेल फार्नेसेच्या संग्रहात गेले आणि राजघराण्याच्या संग्रहातून प्रादोत आले. योसेफाला मोठा मान मिळायला चर्चला मात्र बराच वेळ लागला. १८७०मध्ये तो सर्व चर्चचा आश्रयदाता ठरला, आणि श्रमिक योसेफ म्हणून १ मे हा दिवस त्याला १९५५मध्ये मिळाला.

लंडनला जाणे झाले तर नॅशनल गॅलरीत मुरिल्योचेच, त्याच्या उतारवयातले ‘स्वर्गीय आणि पार्थिव त्रैक्य’ जरूर पाहा. तिथे वर देवपिता आहे, पवित्र आत्म्याचे कबूतर आहे, देवदूतही आहेत. खाली मरिया, योसेफ आणि मधोमध येशू. तुम्हाला प्रादोत जे सापडले नाही ते सगळे तिथे आहे, पण दोन्हींतले एक घरी लावायला दिले तर मी प्रादोतलेच घेईन.