डिझेल गाडी आहे, आवाज येणारच!

सर्व्हिस सेंटरमध्ये हे वाक्य ऐकवलं गेलं, तर एवढंच विचारा: मग सर्व्हिसिंगच्या आधी का नव्हता? मी विचारलं होतं. त्यावर सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर गोड हसून म्हणाला, "मॅडम, साहेबांना एकदा पाठवून द्या ना, त्यांना नीट समजावून सांगतो." आमच्या साहेबांना गाडी येत नाही. सासूबाईंचा दवाखाना, मुलांचे क्लास, आंबा घाट उतरून रत्नागिरीला माहेरी जाणं, स्टिअरिंगवर कायम मीच. त्या इंजिनाचा आवाज माझ्याइतका कुणीच ऐकलेला नाही.

नेहमीच्या डिझेलच्या घरघरीवर एक वेगळा आवाज चढला होता. चफ्-चफ्-चफ्. रेस दिली की तोही वाढायचा, घाटात इंजिनावर लोड आला की आणखी जोरात. गाडी उभी असताना एसी लावला की आत जळक्या डिझेलचा वास. धाकट्याला त्यानं मळमळायचं. हे सगळं मी सांगितलं. जॉब कार्डावर उतरलं काय, तर "इंजिन नॉइज". वास गाळून टाकला. टेस्ट ड्राइव्हला निघालो, तर गाणी चालूच! आवाज ऐकायला निघालेला माणूस गाणी लावून ऐकतोय. मीच हात पुढे करून बंद केली.

संध्याकाळी एस्टिमेट आलं: टायमिंग चेनचा किट आणि चारही इंजेक्टर नवे, सव्वा लाख. स्कॅनरवर एरर कोड कोणता दाखवतोय, म्हणून विचारलं. कोड एकही नव्हता. मग चेन गेली हे कशावरून? "अनुभवावरून, मॅडम."

गाडी तशीच उचलली आणि शिवाजी उद्यमनगरात नेली. कोल्हापुरात इंजिनाचं काम म्हटल्यावर आणखी कुठं जाणार? मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, इंजिनावरचं प्लास्टिकचं कव्हर काढलं आणि वर न बघताच विचारलं, "ताई, आत वास येतोय काय?" इतक्या दिवसांत हे विचारणारा पहिला माणूस! दोन नंबरच्या इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखं काळं, कडक काहीतरी साचलं होतं. त्यांनी त्यावर साबणाचं पाणी सोडलं आणि मला गाडी चालू करायला लावली. मी उतरून पुढं येऊन बघितलं. चफ्, बुडबुडा. चफ्, बुडबुडा. सिलिंडरमधला गॅस इंजेक्टरच्या खालून निसटत होता, तोच आवाज आणि तोच वास.

"इंजेक्टर कवा काढलं हुतं?" मिस्त्री म्हणाले.

मी मोबाइलवर मागच्या सर्व्हिसिंगचं बिल उघडलं. 'इंजेक्टर क्लीनिंग'. मी न सांगता केलेलं काम, पण मजुरी पूर्ण लावलेली. पार्टच्या यादीत तांब्याचे वॉशर मात्र नाहीत. इंजेक्टरच्या खाली तांब्याचा एक वॉशर असतो. इंजेक्टर आवळला की तो दबून पक्का बसतो आणि गॅस अडवतो. एकदा दबलेला परत वापरायचा नसतो, इंजेक्टर काढला की वॉशर नवा घालायचा. सर्व्हिस सेंटरनं जुनेच बसवले होते. बिल हातात असूनही त्या अ‍ॅडव्हायझरला हे दिसलं नाही, यावर माझा विश्वास नाही.

मिस्त्रींनी बैठकी घासून साफ केल्या, चार नवे वॉशर आणि क्लॅम्पचे नवे बोल्ट घातले, टॉर्क पान्यानं आवळले. ज्या सिलिंडरचा इंजेक्टर त्याच सिलिंडरला परत, कारण प्रत्येकाचा कोड इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदलेला असतो. नवा इंजेक्टर घातला, तर त्याचा कोड स्कॅनरनं भरावाच लागतो. बिल साडेतीन हजार.

आवाजाची तक्रार घेऊन जाणार असाल, तर आधी घरीच थोडं ऐका. सकाळी थंड इंजिन चालू करताना मोबाइलवर व्हिडिओ घ्या, गरम झाल्यावर पुन्हा घ्या. क्लच दाबल्यावर आवाज बदलला, तर संशय क्लचच्या बेअरिंगवर किंवा गिअरबॉक्सवर. एसी लावल्यावरच येत असेल, तर कॉम्प्रेसर किंवा बेल्टच्या पुल्या बघायला सांगा. उभ्या गाडीत सगळी थरथर जाणवत असेल, तर इंजिन फाउंडेशन. मोकळ्या रस्त्यावर रेस कमी-जास्त करूनही आवाज तसाच राहिला आणि फक्त वेगाबरोबर वाढला, तर इंजिनाला दोष देऊ नका, टायर आणि व्हील बेअरिंग तपासा. बॉनेट उघडून ऐकताना ओढणी, पदर, मोकळे केस बेल्टपासून लांब. ऑइल वेळेवर बदला, ग्रेड कंपनीनं सांगितलेलीच वापरा, हे तर सगळेच सांगतात.

आत धुराचा वास येत असेल, तर मात्र चालढकल नको. एक्झॉस्टच्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो. काचा खाली करा आणि त्याच दिवशी गाडी दाखवा. जॉब कार्डावर तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घ्या, त्याशिवाय सही करू नका. काढलेले पार्ट परत मागा. "स्क्रॅपमध्ये गेले" म्हणाले, तर तेही लिहून मागा.

मी बिल, बुडबुड्यांचा व्हिडिओ आणि जुन्या वॉशरचे फोटो जोडून सर्व्हिस सेंटरला मेल केला. उत्तरात फ्री वॉशिंगचं कूपन आलं! मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाईन, असं सर्व्हिस सेंटरलाही कळवलं. त्यानंतर क्लीनिंगची मजुरी परत आली, चूक मान्य केल्याचा एक शब्दही न लिहिता. मिस्त्रींना दिलेले साडेतीन हजार अजून यायचे आहेत. तेही मी सोडणार नाही.