कॉम्प्युटरची कणगी

म्हसळ्याजवळच्या एका गावात बायकांचा बचत गट आहे. गटाचा हिशेब काकींकडे असतो. वही आहेच. पण पुतण्याने एक जुना कॉम्प्युटर आणून दिला, तेव्हापासून हिशेब त्यातही लिहितात. २०२० साली ३ जूनला निसर्ग वादळ आले. घरांची छपरे उडाली, बागा आडव्या झाल्या. त्या नुकसानीचे फोटोही काकींनी त्यातच ठेवले आहेत.

हल्ली हा कॉम्प्युटर फार रेंगाळतो. बटण दाबावे, चहा करून प्यावा, तरी तो उघडत नाही. शिवाय आतून टक टक आवाज येतो.

काकी म्हणाल्या, "नवीन घ्यायचा की काय? एवढे पैसे कुठनं आणू?"

पुतण्या म्हणाला, "नवीन नको, काकी. आतली हार्ड डिस्क बदलू. पण आता तो बंद कर. टक टक वाजते ती डिस्क जास्त चालवायची नाही."

हार्ड डिस्क म्हणजे काय? घरात भाताची कणगी असते ना? तशी ही कॉम्प्युटरची कणगी. हिशेब, फोटो, गाणी, सारे तिच्यात साठते. वीज गेली तरी ते आत राहते. तिच्या पोटात गुळगुळीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. तबकडीवर बारीकशी दांडी फिरते आणि लिहिलेले वाचते. फिरणारी वस्तू झिजायचीच. बैलगाडीचा आस झिजतो, तसेच हे.

पहिली हार्ड डिस्क १९५६ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीने केली. तिच्यात पन्नास तबकड्या होत्या, एकेक दोन फूट रुंद! आणि मावत किती होते? आजच्या मोबाइलचा एखादा फोटो, एवढेच.

आता नवी कणगी निघाली आहे. तिला एसएसडी म्हणतात. तिच्यात काही फिरत नाही, म्हणून ती चटकन वाचते. जुना कॉम्प्युटर तिने पुष्कळ हुशार होतो. मात्र तीही कधीतरी बिघडते, आणि बिघडताना बहुधा आवाजही करत नाही. हे ध्यानात ठेवा.

पुतण्या रविवारी आला. त्याने आधी डिस्क बदलली का? नाही! आधी नक्कल केली. कणगीतला भात उपसला की कणगी रिकामी होते. इथे तसे नसते. नक्कल केली तरी मूळ जागेवर राहते. त्याने पेन ड्राइव्ह लावला. पहिल्यांदा हिशेब घेतला, मग फोटो. गाणी शेवटी. गाणी पुन्हा मिळतील, वादळाचे फोटो कुठून मिळणार?

मग त्याने वीज बंद करून वायर काढली. पेटी उघडली. आतल्या लोखंडाला हात लावला, म्हणजे अंगातली वीज उतरते. ही वीज आपल्याला जाणवत नाही, पण नाजूक भागांना मारते. डिस्कला दोन वायरी होत्या. एक विजेची, एक माहितीची. दोन्हींची टोके चपटी, आत इंग्रजी एल अक्षरासारखी खाच. अशी खाच असली की एसएसडी बसते. फार जुन्या कॉम्प्युटरात रुंद पट्टीसारखी वायर असते. तिथे ही एसएसडी थेट बसत नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी वायरीचा फोटो काढून न्यावा.

काकींनी विचारले, "केवढी घ्यायची?"

"२४० जीबीची पुरे. एका जीबीत अडीचशेच्या आसपास फोटो मावतात. गटाला तेवढी खूप झाली."

एसएसडी बसली. पुतण्याने विंडोज नव्याने भरले, मग पेन ड्राइव्हवरचे सारे आत घेतले. कॉम्प्युटर चहा उकळण्याआधीच उघडला.

"ही जुनी डिस्क भंगारवाल्याला देऊ का रे?"

"इतक्यात नको, काकी. हिशेब त्यात अजून आहे. नुसते पुसले तरी जाणता माणूस तो वाचू शकतो. कपाटात ठेव."

फोटो सगळे उघडले. हिशेबाची मार्चची फाइल मात्र उघडली नाही. डिस्कचा तेवढा भाग खराब झाला होता. काकींनी फळीवरची वही काढली, चष्मा लावला आणि मार्चचा हिशेब आकडा आकडा वाचून पुन्हा भरायला घेतला.