बाड उघडण्याआधी

बेटा, परवा तू माळ्यावरच्या लोखंडी पेटीतून आत्याचं बाड काढलंस आणि विचारलंस, "आजी, मला हे सगळं शिकायचंय, सुरुवात कुठून करू?" तेव्हा पोह्यांना वाफ येत होती, दारात पाहुणे होते, उत्तर राहून गेलं. ते आता लिहून देते. बोलले तर तू अर्ध्यातच "हो आजी, कळलं" म्हणशील.

बाड म्हणजे माझ्या आत्याच्या पन्नासेक वर्षांची शिदोरी. अर्धं मोडीत, अर्धं बाळबोधेत. विंचू उतरवायचा मंत्र, दृष्ट काढायची रीत, तान्ह्या बाळाचं रडं थांबवायचा तोडगा, काविळीचं पाणी, आणि मध्येच रामरक्षा, अथर्वशीर्ष, देवीकवच. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात शेजारपाजारच्या बायका तिच्याकडे यायच्या. कुणी तिला मांत्रिक म्हटलेलं तिला आवडत नसे. "मी पाठ करणारी बाई आहे," एवढंच म्हणायची.

तुझ्या खोलीतले टॅरोचे पत्ते, स्फटिक, रंगीत मेणबत्त्या मी पाहिल्या आहेत. मी त्यांना नावं ठेवणार नाही. तुझी ओढ खरी आहे, आणि तुझ्या वयात मलाही ती होती. फक्त आत्यानं मला जे कानात सांगितलं ते तुझ्या कानात घालते. तिच्या मते कुठलीही गूढ विद्या घे, तिचा निम्मा भाग वेळापत्रकाचा असतो.

पहिली गोष्ट वेळेची. मी कॉलेजात असताना परीक्षेच्या भीतीनं ठरवलं की एक्केचाळीस दिवस रोज अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं करायची. पहाटे चारला उठायचं, एकभुक्त राहायचं, पांढरं पातळ नेसायचं. आठ दिवस केलं. नवव्या दिवशी डोकं दुखत होतं, झोप लागली, सातला जाग आली, आणि सगळं सुटलं. वर पाप लागल्याची धास्ती बसली. महिनाभर देवघराकडे बघायची हिंमत होत नव्हती. आत्या रागावली नाही. तिनं विचारलं, "ताप आलेला असताना, घरात पाव्हणे असताना, प्रवासात असताना तू किती करू शकशील?" मी म्हटलं, एक आवर्तन. "मग तेच तुझं नेमाचं. बाकीचं झालं तर वरकड." आज पंचावन्न वर्षं झाली, ते एक आवर्तन चुकलेलं नाही. तूही तुझा नेम वाईटातल्या वाईट दिवसाच्या मापानं ठेव. उत्साहाच्या दिवशी वाढव, पण वाढवलेलं दुसऱ्या दिवशीचं देणं मानू नकोस.

घड्याळाचा गजर लावण्यापेक्षा नेम एखाद्या रोजच्या कामाला बांधून टाक. आत्याचं होतं, चूळ भरली की आसन. मध्ये काही नाही, चहा नाही, वर्तमानपत्र नाही. तुझ्या बाबतीत मध्ये फोन नाही. आसन एकच ठेव, रोज त्याच जागी घाल, उठलीस की गुंडाळून ठेव. महिन्याभरात अशी गंमत होते की आसन पसरलं की मन आपोआप खाली बसतं. आत्या याला जागेचं वळण म्हणायची.

आता संथेबद्दल. हा शब्द तुमच्या पिढीत हरवला म्हणून नीट सांगते. वैदिक मंडळींत शिकवताना गुरू एकदा म्हणतो, शिष्य दोनदा म्हणतो, त्याला संथा घेणं म्हणतात. कागद मागाहून येतो, आधी कान. बाड उघडून एकटीनं वाचत बसलीस तर ऱ्हस्व-दीर्घ, विसर्ग, श्वास कुठे तोडायचा, हे काहीच कळणार नाही, आणि एकदा चुकीचं पाठ झालेलं सोडवायला नव्यानं शिकण्याच्या तिप्पट वेळ लागतो. म्हणून जे शिकशील ते कुणाच्या तरी तोंडून घे. रोज एक श्लोक, त्याहून जास्त नाही. आधी कालचा म्हणायचा, मग आजचा घ्यायचा, शेवटी दोन्ही जोडून म्हणायचे. रविवारी पहिल्यापासून आतापर्यंतचं सगळं.

आणि सुट्ट्या! मला आत्यानं सांगितलेल्यातलं हे सर्वांत शहाणपणाचं वाटतं. जुन्या अध्ययनात अनध्याय असे. दोन्ही पक्षांतली प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, शिवाय पौर्णिमा आणि अमावास्या. त्या दिवशी नवी संथा नाही. महिन्यातले आठ दिवस असे ठरवून मोकळे. त्यामुळे सुट्टी मनाच्या लहरीवर राहत नाही, पंचांगावर राहते, आणि दुसऱ्या दिवशी आसनावर परतताना अपराधी वाटत नाही. रामरक्षेचे अडतीस श्लोक या हिशेबानं पावणेदोन महिन्यांत कंठस्थ होतात. मला तेवढेच लागले. अनध्यायालाही नेमाचं एक आवर्तन मात्र आहेच. नवं घ्यायचं नाही एवढंच.

जपाचाही एक हिशेब आत्यानं मला पाटीवर करायला लावला होता. तू कुठेतरी वाचलं असशील की अमुक लाख जप केला की मंत्र सिद्ध होतो. शास्त्रात पुरश्चरण म्हणजे मंत्राची जितकी अक्षरं तितके लाख जप. गायत्रीची चोवीस अक्षरं, म्हणून चोवीस लाख. माळेत १०८ मणी, पण चुकलेमाकले सोडून शंभरच धरतात. रोज एक माळ ओढलीस तर चोवीस हजार दिवस, म्हणजे पासष्ट वर्षांहून जास्त. रोज दहा माळा म्हटल्यास साडेसहा वर्षं, आणि दहा माळांना सहज दोन तास जातात. मी आकडा बघून गप्प झाले. आत्या म्हणाली, "म्हणून सिद्धीची तारीख धरून बसू नकोस, उद्याची माळ धर." तू इंटरनेटवर 'एकवीस दिवसांत सिद्धी' बघितलंस तर हे गणित मांडून बघ.

जप मोठ्यानं, पुटपुटत की मनात? आपल्याकडे वाचिक, उपांशु आणि मानस असे तीन प्रकार सांगतात आणि मानस जप श्रेष्ठ मानतात. पण नवशिक्यानं मनातल्या मनात सुरू केलं तर तिसऱ्या मण्याला सराफ्यातली जलेबी आठवते. पहिलं वर्ष ओठ हलू देत.

एक वही कर. तिथी, वेळ, काय म्हटलं, मन कुठे कुठे गेलं. बस. स्वप्नं, भास, दिवे, घंटा यांची नोंद पहिल्या वर्षी करू नकोस. त्या गोष्टी लिहायला लागलं की मन त्या तयार करून द्यायला लागतं. आत्याच्या बाडाच्या मागच्या पानांवर फक्त तिथ्या आणि उभ्या रेघा आहेत, तू पाहिल्यास ना? पान पान भरून रेघा. लग्नाच्या, बाळंतपणाच्या, सासू गेली त्या दिवसांच्याही.

नेम कसा टिकतो हे सांगताना ती मला गोष्ट कायम अहिल्याबाई होळकरांची सांगे. १७६६ मध्ये त्यांचे सासरे मल्हारराव गेले, नातू मालेराव, म्हणजे अहिल्याबाईंचा मुलगा, गादीवर आला, आणि वर्ष उलटायच्या आत १७६७ मध्ये तोही गेला. इंग्रज अधिकारी जॉन माल्कम पुढे माळव्यात होता. त्यानं जुन्या माणसांकडून ऐकलेली हकीकत १८२३ च्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. मालेरावानं संशयावरून एका कशिदा काढणाऱ्या कारागिराला मारलं. तो निर्दोष निघाला. त्या कारागिराच्या अंगी काही शक्ती होती, त्यानं आधी बजावलंही होतं, आणि मेल्यावर त्याच्या पिशाच्चानं मालेरावाला धरलं, असं लोक मानत. अहिल्याबाई रात्रंदिवस मुलाच्या उशाशी बसून रडल्या, प्रार्थना केली. त्या पिशाच्चाशी बोलल्या, देऊळ बांधून देते, तुझ्या माणसांना जमीन लावून देते म्हणाल्या. उत्तर नकाराचंच आलं, आणि मुलगा गेला.

आत्या इथे थांबायची. मग म्हणायची, "बाईच्या हाताशी राज्य होतं, ब्राह्मण होते, मंत्र होते. तरी गेलं ते गेलं. आता त्यानंतरचा तिचा दिवस ऐक." तो दिवसही माल्कमनंच नोंदवला आहे. सूर्योदयाआधी तासभर उठून पूजा. मग ठरावीक वेळ पोथीचं श्रवण. मग दानधर्म, ब्राह्मणभोजन स्वतःच्या देखरेखीखाली, मग साधं जेवण. पुन्हा प्रार्थना, थोडा विसावा. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो संध्याकाळी सहापर्यंत. नंतर दोन-तीन तास उपासना आणि हलका फराळ. नऊला पुन्हा कामकाज, अकराला झोप. सणवार आणि उपास सोडले तर यात फारसा बदल नाही. हे त्यांनी १७९५ पर्यंत, शेवटपर्यंत चालवलं. तू त्यांच्या महेश्वरला शाळेच्या सहलीत गेलीस तेव्हा घाट पाहिलास, वाडा पाहिलास. पुढच्या वेळी गेलीस की पोथी ऐकायला ठेवलेल्या त्या ठरावीक वेळेचा विचार कर. मुलगा गेलेल्या बाईनं, सबंध राज्य डोक्यावर घेऊन, शिकायची घटका काढून ठेवली होती.

आता कडक बोलते, कारण यात चूक परवडत नाही.

बाडातलं काहीही दुसऱ्याच्या अंगावर करून बघायचं नाही. वशीकरण, उच्चाटन, जारण-मारण यांची पानं आत्यानं स्वतः फाडून खान नदीत सोडली. दुसरं म्हणजे दुखण्याला आधी दवाखाना. गल्लीतल्या एका मुलाला विंचू चावला, त्याची आई धावत आली. आत्या मंत्र म्हणत म्हणत चपला घालून निघाली आणि मंत्र म्हणतच टांग्यातून त्याला एम.वाय. रुग्णालयात घेऊन गेली. नंतर मी विचारलं तर म्हणाली, मंत्र आईसाठी होता, तिचे हातपाय गळाले होते. कोकणात लाल विंचवानं किती मुलं जात, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपयोग दाखवल्यावर मृत्यू किती उतरले, ते वाच. विंचवाचा मंत्र पाठ कर, जरूर कर, पण हे माहीत असून कर.

तिसरं, कुणा बाईला चेटकीण, डाकीण म्हणायचं नाही, मनातसुद्धा. माल्कमनंच लिहिलंय की त्याच्या आधीच्या तीस वर्षांत मध्य हिंदुस्थानात दोन ते तीन हजार बायका चेटकिणी म्हणून मारल्या गेल्या असाव्यात. या आपल्या मुलखात, बेटा. महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर. तू जी विद्या शिकू म्हणतेस तिच्या नावानं इतकं रक्त सांडलेलं आहे, हे शिकण्याचाच एक भाग समज. कुणी गुरू म्हणवणारा पैसे मागेल, रात्री एकटीला बोलावेल, औषध बंद कर म्हणेल, घरी सांगू नकोस म्हणेल, तर त्याच क्षणी उठून यायचं. आत्यानं आयुष्यात कुणाकडून नारळसुद्धा घेतला नाही.

संध्याकाळचं सोपं आहे. इंदूरच्या नाना महाराज तराणेकरांना मानणाऱ्या घरांतून टेंबे स्वामींची करुणात्रिपदी रोज म्हणतात, तशी आपल्याकडेही दिवेलागणीला होतेच. तू त्या वेळी घरी असलीस तर ये आणि बस. ते पाठांतराचं काम नाही, सगळ्यांबरोबर म्हणायचं. एकटीच्या नेमाला असा एक सोबतीचा नेम जोडलेला बरा. मन फार आत जाऊ लागलं की तो बाहेर आणतो.

ग्रहणात मंत्र घोटला नाही तर त्याचं बळ जातं, असं जुनी माणसं म्हणत. आत्या ग्रहणात बाड काढून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत म्हणायची. बळाचं मला ठाऊक नाही. पण वर्षातून एकदा-दोनदा सगळं एका बैठकीत म्हटलं की कुठे पाठ सैल झाला ते लगेच समजतं, आणि ती तारीख आपण ठरवलेली नसते म्हणून टाळताही येत नाही. मी अजून करते. पुढच्या ग्रहणात तू माझ्यासमोर बस, मी अडखळले तिथे खूण कर.

राहिलं मोडीचं. बाडातला निम्मा मजकूर तुला वाचताच येणार नाही. पहिले दोन महिने संथेच्या बरोबर रोज मोडीची पाच अक्षरं गिरव. अक्षरं एकमेकांत पळतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा नसतो, सुरुवातीला रडू येईल. मला आलं होतं. आत्याच्या अक्षराचा झ आणि ल ओळखायला मला आठवडा गेला.

बाड तूच ठेव, पण त्याच लाल कापडात, आणि माळ्यावर नको, उंदीर आहेत. या सोमवारी प्रतिपदा आहे, म्हणजे अनध्याय. मंगळवारी सकाळी सहाला ये. आसन तुझं तू आण, घोंगडीचा तुकडा चालेल. रामरक्षेचा पहिला श्लोक मी एकदा म्हणेन, तू दोनदा म्हण. चहा नंतर.